तीस किल्ल्यांचं स्त्रीधन

आईला मी सगळ्यात आधी झग्याबद्दल सांगितलं. आई ८३ वर्षांची. उमेदीच्या काळात गल्लीतल्या पोरींची परकर-पोलकी तिनेच शिवलेली, त्यामुळे स्पेनहून आल्यावर तिला कॅथेड्रलची उंची सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आतला झगा लांब बाह्यांचा, आणि एका कुशीवर वरपासून भोकं पाडून त्यातून दोरी ओवलेली. दोरी आवळली की झगा अंगाबरोबर बसायचा. त्यावरून बिनबाह्यांचा दुसरा अंगरखा, आणि त्याच्या दोन्ही बाजू काखेपासून पार कमरेखालपर्यंत मोकळ्या सोडलेल्या. म्हणजे आतलं भारी कापड दिसावं."

आईने विचारलं, "दोरी का? अंग भरलं तर सैल करता यावी म्हणून?"

काचेसमोर उभी राहून मी तो झगा चांगला पाऊण तास पाहिला होता, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तो झगा लेओनोर नावाच्या राणीचा. कास्तीलची राजकन्या, आरागॉनची राणी. १२४४ साली ती गेली तेव्हा ह्याच कपड्यांत तिला पुरलं. बुर्गोस शहराच्या कडेला लास उएल्गास नावाचा ख्रिस्ती साध्वींचा मठ आहे. कास्तीलच्या राजघराण्याने तो ११८७ साली बांधून घेतला आणि पुढे तिथेच आपली दफनभूमी केली. १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी तिथल्या पेट्या फोडून लूट केली, तरी कापडाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती म्हणून बरंच काही वाचलं. १९४० नंतरच्या दशकात अभ्यासकांनी पेट्या उघडल्या आणि त्यातून निघालेल्या कापडांचं आता तिथे संग्रहालय आहे. सोन्याच्या जरीचं विणकाम आहे आणि ते बहुतेक सगळं दक्षिणेतल्या मुसलमान विणकरांच्या हातचं. त्यात एक लाल उशीचा अभ्रा आहे. मधोमध गोलात झाडाच्या दोन बाजूंना दोन माणसं, गाण्या-नाचण्यात रमलेली, आणि त्या गोलाभोवती अरबी अक्षरांत विणलेलं, 'अल्लाशिवाय दुसरा देव नाही.' कास्तीलच्या कट्टर ख्रिस्ती राणीच्या पेटीत ही उशी निघाली. ती राणी बेरेंगेला, लेओनोरची थोरली बहीण. हे सगळं लिहायला बसले ते खरं तर तिच्यासाठी.

लेक वायादोलिदला नोकरीनिमित्त राहते म्हणून माझं तिकडे जाणं झालं. पण ह्या राण्यांनी मला धरून ठेवलं त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे आणि माझ्या घरातही आहे.

नोकरी कौटुंबिक न्यायालयातली. लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. २९ वर्षं पुकारे ऐकले, तारखा लिहिल्या, पोटगीचे अर्ज नस्तीला लावले. आणि घरातलं म्हणजे, माझ्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालं. वडिलांच्या बाजूने बोलायचं तर त्यांनी मामाची मुलगी केली. आमच्या भागात ह्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट पोरगी घरातल्या घरात राहिली म्हणून आजोबा निश्चिंत. हिंदू विवाह कायदा आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतची नाती सपिंड म्हणून वर्ज्य धरतो, पण रूढी असेल तर चालतं असंही त्यातच लिहिलंय. त्या एका ओळीवर आमचं अख्खं घर उभं आहे.

मध्ययुगातल्या स्पेनमध्ये अशी ओळ नव्हती. चर्चच्या नियमाने सात पिढ्यांपर्यंत रक्ताचं नातं असलं तर लग्न निषिद्ध. १२१५ च्या धर्मसभेत ते चारवर आणलं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. कास्तील, लेऑन, पोर्तुगाल, आरागॉन, नवारा. पाच ख्रिस्ती राज्यं, एकमेकांच्या कुशीला लागून, आणि तह झाला की त्यावर शिक्का म्हणून मुलगी द्यायची पद्धत. दोन-तीन पिढ्यांत सगळे एकमेकांचे मामे-आते-चुलत होऊन बसले. म्हणजे लग्न ठरवतानाच प्रत्येकाला ठाऊक की नातं वर्ज्य आहे. तरी लग्न लागायचं, पोरं व्हायची, आणि मग कुणाला गरज पडली की ते नातं मोजलं जायचं.

लेऑनचा राजा नववा आल्फोन्सो. त्याची पहिली बायको तेरेसा, पोर्तुगालच्या राजाची मुलगी. आल्फोन्सोची आई त्याच राजाची बहीण. म्हणजे त्याने मामाची मुलगी केली. ११९१ साली लग्न झालं, सांचा, फर्नांदो, दुल्से अशी तीन मुलं झाली, आणि पोपने लग्न रद्द ठरवलं. तेरेसा माहेरी, पोर्तुगालला परतली आणि लोर्व्हांव इथला मठ तिने हाती घेतला. पाच वर्षंही संसार झाला नसेल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून आईकडे पाहिलं होतं. ती लसूण सोलत होती. आमचे आईवडील ५१ वर्षं एकत्र नांदले, आणि नातं तेच, तंतोतंत तेच.

दुसरी बायको बेरेंगेला. लेऑन आणि कास्तील सीमेवरच्या किल्ल्यांसाठी सारखे भांडत होते, म्हणून तह झाला आणि ११९७ मध्ये वायादोलिदला लग्न लागलं. बेरेंगेला सतराएक वर्षांची. नवरा तिच्या वडिलांचा सख्खा चुलतभाऊ, म्हणजे आपल्या हिशेबाने चुलत काका. पहिलं लग्न नात्यामुळे मोडलेल्या माणसाला दुसरी बायकोही नात्यातलीच दिली. दोन्हीकडच्या दरबारी मंडळींना, बिशपांना हे माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही.

पुढच्याच वर्षी तिसरा इनोसंट पोप झाला आणि त्याने हे लग्न अमान्य केलं, लेऑन राज्यातली चर्चमधली उपासना बंद करण्याचा हुकूम काढला. राजा-राणी तरी एकत्र राहिले. पाच मुलं झाली. ११९९ साली राजाने बेरेंगेलाला लेऑनमधले तीस किल्ले लिहून दिले. नवऱ्याने बायकोला द्यायच्या ह्या धनाला तिकडे 'आर्रास' म्हणतात. आपल्याकडे स्त्रीधन म्हणायचं तसं, फरक इतकाच की डबा-दागिन्यांच्या ठिकाणी तटबंदी, दरवाजे, शिबंदी आणि आजूबाजूची गावं. शेवटी १२०४ मध्ये वेगळं व्हावंच लागलं आणि ती पंचविशीच्या आत, पाच बाळंतपणं झालेली, माहेरी परतली.

पण किल्ल्यांचं काय? लग्नच झालं नव्हतं असं पोप म्हणतो, मग लग्नात दिलेलं धन कुणाचं?

ह्या प्रश्नावर दोन राज्यांत पुन्हा धुसफूस झाली आणि २६ मार्च १२०६ ला काब्रेरोस नावाच्या गावी करार झाला. कोणता किल्ला बेरेंगेलाचा, कोणता तिच्या मुलाचा म्हणजे फर्नांदोचा, ते कुणाच्या ताब्यात राहायचे, करार मोडला तर काय, एकेक किल्ला नावानिशी. आणि हा कागद लॅटिनमध्ये नाही. कास्तीलच्या दरबारातून निघालेला लोकांच्या बोलीतला, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेतला हा सगळ्यात जुना मोठा दस्त म्हणून ओळखला जातो.

हे कळलं तेव्हा मी लेकीच्या स्वयंपाकघरात होते आणि मला बसावं लागलं. आज कोट्यवधी लोक जी भाषा बोलतात, तिचा राजदरबारातला पहिला मोठा कागद म्हणजे एका परत आलेल्या मुलीच्या स्त्रीधनाचा निवाडा.

माझ्या नोकरीतल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. संमतीने घटस्फोटाचं प्रकरण होतं, अटी इंग्रजीत टाईप केलेल्या. त्या बाईने सहीसाठी पेन हातात घेतलं आणि थांबली. म्हणाली, "बाई, ह्यात माझा हंडा लिहिलाय का?" वकील घाईत होते. मी तिला बाकावर बसवलं आणि एकेक कलम मराठीत सांगितलं. पितळी पातेली चार, शिलाई मशीन एक. हंडा त्यात नव्हता. तो घालायला लावला, नवऱ्याची बाजूला सही घेतली, मग तिने अंगठ्याइतक्या मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. काब्रेरोसला लॅटिन का सोडलं ह्याची विद्वानांची कारणं वेगवेगळी आहेत. मला वाटतं, किल्ल्यांच्या किल्ल्या ज्यांच्या हातात राहणार होत्या त्या सरदारांना वाचून दाखवल्यावर प्रत्येक शब्द कळायला हवा होता. उद्या कुणी म्हणू नये की आम्हाला समजलं नाही.

बेरेंगेलाला मी देवी करणार नाही. तिच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बरंचसं तिच्या बाजूच्या बखरकारांकडून. तुईच्या लुकासला तर तिनेच इतिहास लिहायला सांगितलं होतं. तरी त्या इतिहासाच्या फटींतून दिसतं ते असं.

१२१४ च्या ऑक्टोबरात तिचे वडील वारले आणि महिना उलटायच्या आत आई. आई म्हणजे इंग्लंडच्या राजाची मुलगी लेओनोर, जिच्या दगडी पेटीवर आजही इंग्लंडचे सिंह कोरलेले दिसतात. गादीवर आला दहा वर्षांचा धाकटा भाऊ एन्रिके. बेरेंगेलाने त्याला सांभाळायला घेतलं, पण लारा घराण्याच्या आल्वारो नुन्येसने कारभार आणि मुलगा दोन्ही आपल्या ताब्यात घेतले आणि १२१५ मध्ये त्या पोराचं लग्नही लावून दिलं. नवरी माफाल्दा, पोर्तुगालची राजकन्या, वयाने त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आणि सख्खी बहीण कुणाची? तेरेसाची. बेरेंगेलाने पोपकडे तक्रार केली की हे नातं वर्ज्य आहे. लग्न रद्द झालं. माफाल्दाही पोर्तुगालला परतून मठात गेली.

ज्या नियमाने तिचा स्वतःचा संसार मोडला, तोच नियम तिने दुसऱ्या मुलीच्या लग्नावर चालवला. ह्या जागी मी अडखळले, आणि अजूनही अडखळते. एन्रिके अजाण होता, लग्न लारांनी आपल्या सोयीसाठी लावलेलं होतं, हे सगळं मान्य. पण माफाल्दाला कुणी विचारलं होतं?

मग जून १२१७. पालेन्सियाला बिशपच्या वाड्यात मुलं खेळत होती आणि छपराचं एक कौल एन्रिकेच्या डोक्यात पडलं. तेरा वर्षांचा राजा त्यात गेला. लारांनी बातमी दाबली, प्रेत लपवून ठेवलं. पण बेरेंगेलाला कळलं. आणि ह्यापुढचे काही दिवस तिने जे केलं त्याला तोड नाही. तिचा मुलगा फर्नांदो त्या वेळी बापाजवळ, तोरो गावी होता. बापाला जर कळलं असतं की कास्तीलची गादी रिकामी झाली आहे, तर त्याने मुलाला सोडलं नसतं आणि स्वतःच फौज घेऊन निघाला असता. तिने माणसं पाठवली. मृत्यूचा शब्द काढला नाही. आईला मुलाला पाहायचंय, एवढाच निरोप. बापाने पोराला पाठवून दिलं. वायादोलिदला लोकांनी तिला राणी म्हणून मान्य केलं आणि तिने तिथल्या तिथे राज्य मुलाच्या हाती दिलं. माजी नवऱ्याला कळलं तेव्हा तो चाल करून आला, पण वेळ निघून गेली होती.

तिच्या मनात भावाच्या मृत्यूचं काय चाललं असेल? ज्याला आईवडिलांच्या मागे पोटच्या पोरासारखं जपायचं होतं तो गेला, आणि रडायची सोय नाही. निरोप्यासमोर चेहरा कोरा ठेवायचा.

दोन वर्षांनी, २७ नोव्हेंबर १२१९ ला, लास उएल्गासमध्येच फर्नांदो वीरपदाची दीक्षा घ्यायला उभा राहिला. त्याला दीक्षा देण्याइतका मोठा दुसरा कुणी तिथे नव्हता, म्हणून वेदीवरची तलवार त्याने स्वतःच उचलून कमरेला बांधली. विधीत शेवटी तो पट्टा सोडायचा असतो, आणि तो मान एखाद्या थोर सरदाराचा. इथे तो बेरेंगेलाने सोडला. आईने मुलाच्या कमरेचा पट्टा सोडला. मठात शिरल्यापासून मी ती जागा शोधत होते. गाईडबाई पुढच्या दालनात निघून गेल्या तरी मी मागे थांबले. दगडी फरशी, थंडी, वर एक लहान खिडकी. त्या बाईचे हात थरथरले असतील की नसतील ह्याचा मी उगाच विचार करत राहिले.

तीन दिवसांनी फर्नांदोचं लग्न. सून तिने कुठून आणली? थेट जर्मनीतून, श्वाबियाच्या घराण्यातली बेआत्रिस. आजूबाजूची एकही राजकन्या पाहिली नाही. बुर्गोसचा बिशप मौरिसियो स्वतः तिला आणायला गेला होता. स्पेनमधल्या दरबारांना ह्यात राजकारण दिसलं असेल, आणि ते होतंच. मला त्यात एक सासू दिसते, जिने ठरवलं होतं की ह्या मुलीचा संसार पिढ्या मोजून कुणी मोडू शकणार नाही. बेआत्रिसला दहा मुलं झाली.

आणि ज्या बहिणीच्या झग्यापासून मी सुरुवात केली, ती लेओनोर? तिला १२२१ मध्ये आरागॉनच्या जाउमेला दिलं. तो तेरा वर्षांचा, ती त्याच्यापेक्षा मोठी. वर्षभर आपण नवरा म्हणून काही करू शकत नव्हतो, इतके लहान होतो, असं पुढे त्या राजाने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवलंय. एक मुलगा झाला. १२२९ मध्ये राजाला मोकळं व्हायचं होतं. दोघांचे पणजोबा एकच निघाले, म्हणजे ते आठ वर्षांपूर्वीही एकच होते. लग्न रद्द, मुलगा औरस, राणी परत. ती लास उएल्गासला आली. एका मठात दोन बहिणी, दोघींची लग्नं एकाच कारणाने पुसलेली. संध्याकाळी त्या काय बोलत असतील?

आता १२३०. सप्टेंबरात नववा आल्फोन्सो सांतियागोच्या यात्रेला जाताना वाटेत वारला. त्याने लेऑनचं राज्य बेरेंगेलाच्या फर्नांदोला दिलं नव्हतं. ते दिलं होतं तेरेसाच्या मुलींना, सांचा आणि दुल्सेला. तेरेसाचा मुलगा आधीच गेला होता. म्हणजे दोन्ही मोडलेल्या लग्नांची मुलं समोरासमोर, आणि दोघांच्याही मागे सरदार, बिशप, शहरं. युद्ध होणार हे उघड होतं.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. १२२४ मध्ये जाँ द ब्रिएन नावाचा जेरुसलेमचा राजा सांतियागोच्या यात्रेला स्पेनमध्ये आला. बापाच्या मनात होतं की सांचाला त्याला द्यायची, लेऑनच्या वारशासकट. तो कास्तीलमधून जात होता. बेरेंगेलाने त्याला तोलेदोत थांबवून घेतलं, पाहुणचार केला आणि आपली मुलगी देऊ केली. लग्न बुर्गोसला झालं. सांचाचं स्थळ असं मधल्यामध्ये गेलं.

म्हणजे १२३० मध्ये दोघी बायका बोलणीला बसल्या तेव्हा तेरेसासमोर जी बाई होती ती नुसती सवत नव्हती. तिने तेरेसाच्या बहिणीचं लग्न रद्द करवलं होतं आणि तेरेसाच्या मुलीचा नवरा पळवला होता. आणि बेरेंगेलासमोर जी होती ती लोर्व्हांवची तपस्विनी, पन्नाशी ओलांडलेली, दोन मुलींच्या हक्कासाठी मठातून उठून आलेली. तेरेसाने मान वळवली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. पण दोघींनी ठरवलं. ११ डिसेंबर १२३० ला बेनाव्हेंते इथे करार झाला. सांचा आणि दुल्सेने लेऑनवरचा हक्क सोडायचा, त्याबदली दरसाल ३०,००० मारावेदी आणि उत्पन्नासाठी जागा. लेऑन आणि कास्तील एक झाले ते पुन्हा कधी वेगळे झाले नाहीत. तलवार उपसावी लागली नाही.

न्यायालयातल्या समुपदेशनाच्या खोलीत मी अशा बैठका पाहिल्या आहेत. तिथे लाकडी टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा एक जग. पहिला अर्धा तास कुणी कुणाकडे बघत नाही. मग कुणीतरी मुलांचं नाव काढतं. मला खात्री आहे की त्या दोघींच्याही बैठकीत असा एक क्षण आला असणार. बखरीत तो नाही. बखरीत आकडा आहे.

ह्याच मोडलेल्या लग्नाचा एक फांटा पुढे गेला. बेरेंगेलाचा धाकटा मुलगा आल्फोन्सो, मोलिनाचा जहागीरदार. त्याची मुलगी मारिया. तिने १२८२ मध्ये तोलेदोला, पुढे कास्तीलचा राजा झालेल्या सांचोशी लग्न केलं. सांचो म्हणजे तिच्या चुलतभावाचा मुलगा, ती त्याची चुलत आत्या. पोपची परवानगी नव्हती. पोप चौथ्या मार्टिनने ते लग्न अमान्य करून सांचोवर बहिष्काराचं शस्त्र उपसलं. पण ह्या वेळी राजा हलला नाही. सांचोने मारियाला सोडलं नाही, अखेरपर्यंत. ह्या माणसाने बापाविरुद्ध बंड केलं, पुष्कळ कठोर गोष्टी केल्या, पण इतक्या सगळ्या नवऱ्यांत बायकोचा हात न सोडणारा तो निघाला, हे मी त्याच्या खात्यावर मांडते.

१२९५ मध्ये तो क्षयाने वारला. मुलगा नऊ वर्षांचा, आणि लग्नच अमान्य म्हणून मुलगाही अनौरस, असं म्हणणारे दावेदार चहूबाजूंनी. मारियाने शहरांना हाताशी धरलं, वायादोलिदला सभा बोलावल्या, फौजेचा खर्च भागवायला घरातलं विकलं. चांदीची सगळी भांडी गेली, पिण्यापुरता एक चांदीचा पेला राहिला आणि ती मातीच्या वाडग्यात जेवायची, असं बखरीत लिहिलंय. १३०१ मध्ये पोप आठव्या बोनिफासने शेवटी लग्न आणि मुलं वैध असल्याचा कागद दिला. त्यासाठी १०,००० चांदीचे मार्क मोजावे लागले. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. विधवेने आपल्या लग्नाचा दाखला विकत घेतला.

पुढे मुलगाही तरुणपणी गेला आणि तिने नातवासाठी पुन्हा कारभार हाती घेतला. १ जुलै १३२१ ला वायादोलिदला ती वारली. जाण्याआधी तिने गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावून नऊ वर्षांच्या नातवाला त्यांच्या स्वाधीन केलं. राजपुत्रांवर तिचा विश्वास उरला नव्हता.

नंतरच्या काळात परवाने सहज मिळू लागले. १४१५ मध्ये आरागॉनच्या पाचव्या आल्फोन्सोचं लग्न सख्ख्या चुलत बहिणीशी, कास्तीलच्या मारियाशी झालं, आणि आल्फोन्सोची बहीण मारियाच्या भावाला दिली. आपल्याकडचं साटंलोटंच ते. पोपची परवानगी रीतसर होती. १४२९ मध्ये भाऊ आणि नवरा फौजा घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा मारियाने दोन्ही छावण्यांच्या मधे आपला तंबू ठोकला आणि लढाई थांबवली. १४३२ मध्ये नवरा इटलीला गेला तो परतलाच नाही. २६ वर्षं. राज्य तिने चालवलं, १४५८ मध्ये तो नेपल्समध्ये वारला, आणि दोन-सव्वादोन महिन्यांनी ती व्हॅलेन्सियात. कागद चोख होता, घर रिकामं.

परतल्यावर हे सगळं मी आईला तुकड्या-तुकड्याने सांगितलं, रोज दुपारी थोडं. ती मधूनमधून नाती दुरुस्त करायची. "म्हणजे मामाचीच की, मग काय झालं?" तेरेसाच्या लग्नावर तिचं हे एवढंच म्हणणं. कौलाची गोष्ट ऐकून ती हळहळली. पट्टा सोडल्याचं मी दोनदा सांगितलं. करारापाशी आले तेव्हा मला वाटलं, ही आता ३०,००० म्हणजे आपले किती असं विचारेल.

तिने विचारलं, "आणि ती सांचा? जिचा नवरा घेतला ती. तिचं पुढे कुठे जमलं का?"

मी म्हटलं, "नाही. दोघी बहिणी अविवाहितच राहिल्या."

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाली, "मग तिच्या आईने सही कशी केली गं?"